तीस हजारांत ‘रेकॉर्डसारखा’ आवाज मिळेल का?

प्रश्न : मी धायरीला राहते, वय ५१, शाळेत शिक्षिका आहे. लहानपणापासून पेटी वाजवते आणि आमच्या भजनी मंडळात साथ माझीच असते. गेल्या वर्षापासून आम्ही पाच जणी आणि एक तबलजी मिळून भावगीतांचा छोटा कार्यक्रम करतो. त्यासाठी मुलीचा दहा वर्षांपूर्वीचा कीबोर्ड माळ्यावरून काढला. घरी बरा वाटतो, पण कोजागरीला सोसायटीच्या हॉलमध्ये वाजवला तेव्हा आवाज खेळण्यातल्यासारखा आला. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तर ऐकवत नाही. यंदा दिवाळी पहाटेला दोन ठिकाणी बोलावलं आहे. तीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. कीबोर्ड घ्यावा की सिंथेसायझर? ओळखीच्या एकांकडे यामाहाचा जुना डीएक्स-७ आहे, तो ते तीस हजारांनाच देतो म्हणतात. मुलगा म्हणतो काहीच घेऊ नकोस, लॅपटॉपवर सगळं फुकट मिळतं. मला रेकॉर्डवर ऐकू येतो तसा आवाज हवा आहे. — एक वाचक, धायरी

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. घरी बरा वाटतो, हॉलमध्ये खेळण्यातल्यासारखा येतो. कीबोर्ड तोच, हात तुमचेच, मग बदललं काय? कीबोर्डातून निघालेला आवाज लोकांच्या कानापर्यंत ज्या वाटेने जातो ती वाट बदलली. म्हणून कुठला कीबोर्ड घ्यायचा हे सांगण्याआधी मी या वाटेबद्दल बोलणार आहे. तुमच्या तीस हजारांतले सात-आठ हजार तिच्यावरच खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं असेल, याचा मला अंदाज आहे. घरगुती कीबोर्डला बहुतेक वेळा मागे एकच जॅक असतो, हेडफोनचा. तो स्टिरिओ असतो, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच छिद्रातून बाहेर येतात. साउंडवाल्याकडे असते गिटारची साधी मोनो केबल. तो ती तिथे खुपसतो, आवाज येतो, सगळे खूश. पण मोनो पिन स्टिरिओ जॅकमध्ये गेली की उजव्या बाजूचा आवाज तिथेच जमिनीला मिळतो आणि फक्त डावी बाजू मिक्सरकडे जाते. चांगल्या पियानोच्या टोनमध्ये खर्जाचे सूर डावीकडे आणि तारसप्तक उजवीकडे झुकवलेलं असतं. म्हणजे तुम्ही वर जे नाजूक वाजवत होतात, ते लोकांपर्यंत अर्धमुर्धंच पोचलं. माझ्या बाबतीत हे एका मोठ्या कार्यक्रमात झालं होतं. गायिका मध्यंतरात येऊन म्हणाली की तुमचा वरचा हात ऐकूच येत नाही. मी आवाज वाढवत गेलो, तेवढा खालचा हात बोंबलत गेला. केबलचं कारण कळायला मला पुढे बरेच महिने लागले आणि त्या रात्रीची गाणी मला अजून आठवतात.

उपाय स्वस्त आहे. एका बाजूला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना अशी ‘वाय’ केबल बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळेल. दोन्ही पिना मिक्सरच्या दोन वेगळ्या लाइन चॅनेलना द्यायला सांगा, माइकच्या चॅनेलला नाही. काही कीबोर्डना मागे ‘एल/मोनो’ आणि ‘आर’ असे दोन वेगळे जॅक असतात. साउंडवाल्याकडे एकच चॅनेल मोकळं असेल तर फक्त ‘एल/मोनो’त केबल लावायची, मग कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करून देतो. स्टेज मिक्सरपासून लांब असेल तर मधे एक डीआय बॉक्स हवा, म्हणजे लांब केबलमधली घरघर कमी होते. कीबोर्डचा आवाज पाऊण ठेवा, बाकीचा मिक्सरवर वाढवू दे. पूर्ण फिरवला की काही कीबोर्डांचा आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कोणी दुरुस्त करू शकत नाही.

आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घातलेला कृत्रिम घुमारा. घरच्या छोट्या खोलीत छान वाटावं म्हणून कंपनीने तो आधीच भरपूर घालून दिलेला असतो. सोसायटीच्या हॉलला फरशी आणि उघड्या भिंती, त्यांचा स्वतःचा घुमारा असतो. दोन्ही एकत्र झाले की शब्द बुडतात. हॉलमध्ये रिव्हर्ब निम्म्याहून खाली आणा.

आता एक परीक्षा घरीच करा. एक चांगला हेडफोन जुन्या कीबोर्डला लावा आणि एखादं सावकाश गाणं वाजवा. हेडफोनमध्ये भरीव वाटलं, तर दोष कीबोर्डच्या छोट्या स्पीकरचा आणि हॉलमधल्या जोडणीचा. तिथेही पोकळच वाटलं, तर कीबोर्ड बदलायला हवा. दहा वर्षांपूर्वीचा मुलांसाठी घेतलेला कीबोर्ड म्हटल्यावर दुसरी शक्यता मला जास्त वाटते. कारण त्याला बहुधा ‘टच’ नसणार.

टच म्हणजे पट्टी किती जोरात दाबली हे वाद्याला कळणं. टच नसलेल्या कीबोर्डवर हळुवार स्पर्श आणि ठोसा यांचा आवाज एकच. कानाला खेळणं वाटतं ते मुख्यतः यामुळे, कारण खऱ्या पियानोचा आणि गिटारचा एकही सूर मागच्यासारखा नसतो. बाजारात आजही ६१ पट्ट्यांचे असे कीबोर्ड मिळतात. यामाहाचा पीएसआर-एफ५२ आणि कॅसिओचा सीटी-एस१०० हे दोन्ही टचशिवायचे. शिकायला सुरुवात करणाऱ्या मुलाला ते ठीक, तुम्हाला नाहीत. दुकानदार सहाशे टोन, आठशे टोन असं सांगायला लागला की तुम्ही एकच करा, पियानोचा टोन लावून एकच पट्टी हळू, मध्यम आणि जोरात दाबून पाहा. तिन्ही वेळा आवाजाचा पोत बदलला पाहिजे, फक्त मोठेपणा नाही.

तुम्ही पेटीवाल्या आहात म्हणून इथे एक अडचण येईल, तीही आधीच सांगतो. पेटीची पट्टी टच ओळखत नाही, तिला फक्त भाता कळतो. आपली बोटं पट्टीवर हलकी, अर्धवट दाबूनही चालतात. तीच बोटं टच असलेल्या कीबोर्डवर आली की एक सूर मोठा, एक गायब, असं होतं. पहिले पंधरा दिवस फार चिडचिड होईल. तेव्हा पियानो आणि गिटारच्या टोनला टच ‘सॉफ्ट’वर ठेवा, म्हणजे हलक्या दाबालाही आवाज निघेल. ऑर्गन आणि पेटीच्या टोनला टच चक्क बंद करा. बहुतेक कीबोर्डांत ही सोय फंक्शनच्या मेनूत असते आणि फारसं कोणी तिथे जात नाही.

पण टचपेक्षाही मोठी उणीव दुसरी आहे. पेटीत तुमचा डावा हात सतत श्वास देत असतो. गायिकेने ओळ संपवली की तुम्ही भाता सैल सोडता, ती समेकडे निघाली की भरता. संगीत नाटकात पायाचा ऑर्गन होता, त्याचा श्वास पायांत होता. कीबोर्डला श्वासच नाही. व्हायोलिनचा टोन लावून पट्टी दाबून धरली की तो सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीचा राहतो, भिंतीला चिकटवल्यासारखा. पेटी चांगली वाजवणारी माणसं कीबोर्डवर निर्जीव का वाटतात, याचं कारण हेच आहे. त्यांची अर्धी कला डाव्या हाताच्या भात्यात होती आणि नव्या वाद्याने ती काढून घेतली.

ती परत मिळवता येते, पायाने. व्यावसायिक वादकाच्या पायाखाली दोन पेडल असतात. एक सस्टेनचं, पट्टी सोडल्यावरही सूर धरून ठेवणारं. दुसरं एक्स्प्रेशनचं, पाऊल पुढेमागे झुकवून आवाज फुलवणारं आणि मिटवणारं. हे दुसरं पेडल म्हणजे तुमचा भाता. स्वस्त कीबोर्डांना बहुतेक वेळा फक्त सस्टेनचा जॅक असतो. म्हणून विकत घेण्याआधी कीबोर्ड उलटा वळवून मागचे जॅक नीट बघा. एक्स्प्रेशनचा जॅक नसेल तर दुसरी वाट आहे. बाहेरच्या केबलच्या मधे एक स्टिरिओ व्हॉल्यूम पेडल लावायचं, कीबोर्ड ते पेडल आणि पेडल ते मिक्सर. त्याने आवाजाचा पोत बदलत नाही, पण फुलणं-मिटणं मिळतं, आणि भावगीताला तेवढं पुष्कळ झालं. सात-आठ हजार बाजूला ठेवा म्हटलं ते सस्टेन पेडल, व्हॉल्यूम पेडल, केबली, डीआय आणि एक भक्कम स्टँड यांसाठी. माझ्याकडे अगदीच कमी पैसे असते तर कीबोर्ड एक पायरी खालचा घेतला असता, पण व्हॉल्यूम पेडल सोडलं नसतं.

आता कीबोर्ड की सिंथेसायझर. दुकानात ज्याला कीबोर्ड म्हणतात त्यात स्पीकर असतात, तयार रिदम असतात आणि तयार टोन असतात. सिंथेसायझरमध्ये बहुधा स्पीकर नसतात आणि त्यातला आवाज तुम्ही घडवायचा असतो. मूळ लहर निवडायची, फिल्टरने तिची तकाकी कमी-जास्त करायची, सूर कसा उगवेल आणि कसा विझेल ते ठरवायचं. १९७० सालच्या मिनीमूगपासून हा प्रकार स्टेजवर उचलून नेण्याजोगा झाला. आपल्याकडेही त्याचा थक्क करणारा उपयोग झाला आहे. १९८२ साली मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलंडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रं घेऊन त्यांवर राग रेकॉर्ड केले. जमलं तर शोधून ऐका, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सिंथेसायझरची ताकद त्यात कळते. पण तुमच्या भावगीतांना पियानो, गिटार, बासरी आणि व्हायोलिनचा ताफा लागतो. त्यासाठी निव्वळ सिंथेसायझर हे चुकीचं हत्यार आहे. टच असलेला कीबोर्ड घ्या.

डीएक्स-७ घेऊ नका. वाद्य थोर आहे यात शंका नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरीला हलवून आवाज घडवण्याची पद्धत घेऊन यामाहाने १९८३ मध्ये ते आणलं, आणि त्या दशकातल्या असंख्य गाण्यांतला काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो त्याचाच. पण त्याला स्पीकर नाहीत, आत रिव्हर्ब नाही, बाहेर येणारा आवाज मोनो, आणि एका वेळी सोळाच सूर. खऱ्या पियानोचा किंवा बासरीचा रेकॉर्ड केलेला आवाज त्यात नाहीच. आतला टोनसाठा जपणारी बॅटरी बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. ती संपली की साठवलेलं सगळं जातं आणि बदलायला कारागीर लागतो. शिवाय तो सेट जपानी किंवा अमेरिकन बाजारातला असेल तर शंभर किंवा एकशेवीस व्होल्टचा असू शकतो, आपल्या दोनशेतीसला थेट लावला तर जळेल. संग्राहकाने जरूर घ्यावा. तुम्हाला त्यातला तो काचेरी पियानो आवडत असेल तर ‘डेक्स्ड’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डीएक्स-७ चे मूळ टोन जसेच्या तसे भरता येतात.

म्हणजे तुमचा मुलगा काही चुकीचं बोलत नाहीये. लॅपटॉपवर खरंच खूप काही फुकट आहे. ‘सर्ज एक्सटी’ आणि ‘व्हायटल’ हे दोन सिंथेसायझर, ‘स्पिटफायर लॅब्ज’मधली मऊ व्हायोलिनं आणि पियानो, ‘सॅलमँडर’ नावाचा यामाहाच्या खऱ्या ग्रँड पियानोवरून नोंदवलेला पियानो. हे आवाज तीस हजारांच्या कुठल्याही कीबोर्डपेक्षा सरस आहेत, हे मी मनापासून सांगतो. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मात्र सांभाळावा लागतो. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा एका वेळी तयार करतो तो तुकडा, २५६ सॅम्पलचा ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला त्याचे सहा मिलिसेकंदांच्या आत होतात, ते चालतं. तोच १०२४ झाला की तेवीस होतात आणि तबल्याबरोबर बोट मागे पडायला लागतं. विंडोजच्या लॅपटॉपला म्हणून बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज आत-बाहेर नेणारी छोटी डबी) किंवा निदान ‘एएसआयओ’ ड्रायव्हर लागतोच. ब्लूटूथचा स्पीकर किंवा हेडफोन तर वाजवताना कधीच नको, त्याचा उशीर एवढा असतो की ताल धरता येत नाही. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून किणकिण यायला लागते ती वेगळी, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघायचं. आणि पहाटे साडेपाचला, थंडीत, मंडपात, लोक बसलेले असताना लॅपटॉपने अपडेट सुरू केलं तर? या वर्षी स्टेजवर लॅपटॉप नको. घरी रेकॉर्डिंगला तो आणा, तिथे तुमच्या मुलाची खरी मदत होईल.

हो, रेकॉर्डिंग. मोबाइल समोर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग ऐकवत नाही, कारण त्यात खोली आधी येते आणि वाद्य नंतर, आणि मोबाइल स्वतःच आवाज वरखाली करत राहतो. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ आणि ई४७३ मध्ये यूएसबी केबलमधूनच आवाज थेट कॉम्प्युटरकडे जातो, मधे माइक नाही. कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेत यूएसबीतून फक्त मिडी जातं, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली एवढीच माहिती जाते, आवाज नाही. त्यांचा आवाज हेडफोनच्या जॅकमधून इंटरफेसला द्यावा लागेल. दुकानदाराने ‘यूएसबी आहे’ म्हटलं की ‘ऑडिओ की नुसतं मिडी?’ हे विचारा.

मॉडेल. तुमच्या रकमेत माझा पहिला कौल यामाहाच्या पीएसआर-आय५०० ला किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स८७०आयएनला. दोन्ही भारतीय बाजारासाठी केलेले, ६१ पट्ट्या, टच आहे, आपली वाद्यं आणि आपले ठेके आहेत. पिच बेंडचं चाकही आहे, म्हणजे बासरीच्या टोनवर मींड घेता येते. बेंड सुरुवातीला दोन अर्धस्वरांवर, म्हणजे ‘सा’वरून थेट ‘रे’पर्यंत लावलेला असतो. चाक सावकाश फिरवायचं आणि वर पोचल्यावर कानाने थांबायचं, त्याला सराव लागतो. ई३७३ चे टोन सुंदर आहेत, पण त्याला हे चाक नाही. ई४७३ ला चाक आहे, फिल्टरचे नॉब आहेत आणि बाहेर जायला डावा-उजवा वेगळे जॅकही आहेत. तो तुमच्या हिशोबाच्या थोडा पुढे जाईल, पण मंडळातल्या बाकीच्या जणींनी हातभार लावला तर तोच घ्या. रोलंडचा एक्सपीएस-१० ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांमध्ये सर्रास दिसतो आणि आवाज दमदार आहे. पण किंमत तुमच्या पलीकडे, त्याला स्पीकर नाहीत, आणि घरी सराव करायलासुद्धा वेगळा स्पीकर घ्यावा लागेल.

जुना घ्यायचा झाला तर अशाच अलीकडच्या मॉडेलपैकी घ्या. प्रत्येक पट्टी एकाच जोराने वाजवून बघा. एखादी अचानक ओरडली किंवा मुकी राहिली तर आतल्या रबराच्या संपर्काला धूळ किंवा ओल लागली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कोपऱ्यात कव्हर न घालता ठेवलेल्या कीबोर्डचं हे हमखास होतं. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर येते का, बेंडचं चाक सोडल्यावर सूर बरोबर मूळ जागी येतो का, हेही पाहा. अॅडॉप्टर मूळचाच मागा. कॅसिओच्या जुन्या अॅडॉप्टरमध्ये मधली पिन ऋण असते आणि यामाहाच्या अॅडॉप्टरमध्ये धन. पिन बसली म्हणून लावला आणि कीबोर्ड गेला, असं होऊ शकतं. वाद्यावर त्याची छोटी आकृती छापलेली असते.

आता वाजवण्याबद्दल थोडं, कारण ‘रेकॉर्डसारखा’ आवाज इथे बनतो. तबलजी तुमच्याकडे आहेत, मग कीबोर्डचा तयार ठेका लावू नका. दादरा आणि केरवा माणसाच्या हातात श्वास घेतो, यंत्रात घेत नाही. सतार आणि सनईचे टोनही स्टेजवर टाळा, पुण्यातल्या श्रोत्यांचे कान ते लगेच पकडतात. तानपुरा चालेल. डाव्या हाताने खाली जाड कॉर्ड धरण्याची सवय सोडा. तिथे डग्गा आहे, आणि मध्यसप्तकात गायिकेचा आवाज आहे. तुम्ही गायिकेच्या वर पातळ वाजवा, किंवा ती थांबते तिथे वाजवा. व्हायोलिनच्या ताफ्याचा टोन फार तीक्ष्ण वाटत असेल तर ई४७३ सारख्या कीबोर्डवर फिल्टरचा नॉब थोडा खाली आणा, अटॅक (सूर उगवण्याचा वेळ) थोडा सावकाश करा, रिलीज (विझण्याचा वेळ) वाढवा. तकाकी उतरली की तोच टोन दुरून वाजल्यासारखा होतो आणि गाण्याच्या मागे जाऊन बसतो. अप्पा जळगावकरांची पेटीची साथ तुम्ही ऐकलीच असेल. पुन्हा ऐका, आणि ते कुठे वाजवत नाहीत तेवढं मोजा.

सुराची एक बारीक गोष्ट राहिली. तुमची पेटी कोणा कारागिराने कानाने लावलेली असेल तर तिचा गंधार गायिकेच्या गंधाराजवळ असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कीबोर्डचा शुद्ध गंधार ‘सा’पासून ४०० सेंटवर, आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ वर. म्हणजे कीबोर्डचा चौदा सेंट चढा. तुमची गायिका काळी चारमध्ये गाताना ‘काहीतरी खटकतंय’ म्हणाली तर तिचं बरोबर असेल. स्केल ट्यूनिंगची सोय असलेल्या मॉडेलवर तेवढा एक स्वर उतरवता येतो. नसेल तर गंधारावर ती ठेहराव घेते तिथे तुम्ही षड्ज-पंचम धरून राहा, गंधार तिच्यावर सोडा. ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण वापरायला संकोच करू नका, पण कुठल्या गाण्याला किती, हे प्रत्येक पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत ते विसरायला होतं.

दुकानात एकट्या जाऊ नका, गाणाऱ्या एका मैत्रिणीला घेऊन जा. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला जाणार असाल तर शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून दुपारी जा, म्हणजे निवांत वाजवता येईल. स्वतःचा हेडफोन न्या. तिला हळू आवाजात गायला सांगा आणि तिच्यामागे पियानो, मग व्हायोलिन, मग बासरी वाजवून बघा. तिला ज्या कीबोर्डबरोबर गाताना आवाज चढवावा लागला नाही, तो घ्या. दसऱ्याची वाट पाहू नका. तुमच्या पायाला पेडलची सवय व्हायला दीड-दोन महिने लागतील.

आणि पेटी घरी ठेवू नका. कार्यक्रमाच्या सुरुवातीला अभंग असतील तर ते पेटीवरच वाजवा. त्यासाठी आधी कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये जाऊन त्याला पेटीशी जुळवून घ्या. तो कारखान्यातून ४४० हर्ट्झवर लावून येतो, जुनी पेटी त्याच्या थोडी वर किंवा खाली असते, आणि दोन्ही एकाच कार्यक्रमात ऐकू आल्या की फरक जाणवतो. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेचा फुसफुसाट आधी येईल. पट्ट्यांच्या वरून, वीतभर अंतरावर, थोडा उजवीकडे झुकवून ठेवायला सांगा.